फ्लॅशला घड्याळ कळत नाही

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, उटण्याचा वास घरभर दरवळू लागला, की आमच्या घरी दरवर्षी एक कार्यक्रम ठरलेला असतो. लहानथोर सारे नवे कपडे घालून फराळाच्या ताटांभोवती बसतात आणि घरातला कुणीतरी हौशी छायाचित्रकार ‘हं, इकडे बघा!’ असे म्हणून डोळ्यांपुढे वीज चमकवतो. गेल्या दिवाळीत हा मान ताईच्या नातीकडे गेला. नोकरीच्या पैशांतून तिने नवा कॅमेरा घेतला होता आणि त्याच्या डोक्यावर बसवायची वेगळी फ्लॅश-गनही घेतली होती. सकाळभर तिने लखलखाट केला आणि संध्याकाळी तोंड एवढेसे करून ती माझ्यापाशी आली.

फोटो पाहिले. पुढे बसलेले जावईबापू चकलीच्या भाजणीत तोंड बुडवून आल्यासारखे पांढरेफटक. त्यांच्या मागे उभी असलेली मंडळी अंधारात बुडालेली. कुणाचे नुसते दात दिसतात, तर कुणाच्या चष्म्याच्या काचा. आणि ज्या समईसाठी एवढी आरास केली होती, तिच्या ज्योती कुठे आहेत हे शोधूनच काढावे लागत होते.

“मामाआजोबा, यात सगळं ऑटोमॅटिक आहे म्हणतात. मग असं का व्हावं?”

मी लगेच उत्तर दिले नाही. कपाटातला पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला एक जुना, पोस्टकार्डाएवढा फोटो तिच्यापुढे ठेवला. त्या फोटोची डावी बाजू स्वच्छ होती आणि उजवी बाजू शाई सांडावी तशी काळीकुट्ट.

“हा तुझ्या आजीच्या कन्यादानाचा फोटो,” मी म्हणालो. “काढला आहे मीच.”

अर्धा फोटो

आमचे घर कामठीचे. नागपूरपासून दहा मैलांवर, कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली आणि तिच्या आधाराने हे गाव वाढले. छावणीकडे रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि उंच छतांचे बंगले. गावात मात्र आमच्यासारख्यांची कवेलूंची बसकी घरे. वडील रेल्वेत कारकून होते. ताईचे लग्न ठरले ते १९७९ सालच्या मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. खर्चाची यादी करताना ‘फोटोग्राफर’ या शब्दापाशी वडिलांची पेन्सिल थांबली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला फोटोचा नाद आहे, हे त्यांना ठाऊक होते. “घरात माणूस असताना बाहेरचा कशाला?” असे म्हणून त्यांनी तो शब्द खोडला.

एका मावसभावाचा कॅमेरा आणि फ्लॅश-गन मी उसनी आणली. शंभर ए.एस.ए.च्या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल घेतले. फ्लॅश यापूर्वी कधी हाताळला नव्हता. पण भर उन्हात मी बरे फोटो काढत असे, आणि तेवढ्यावर माझा मोठा विश्वास होता. संध्याकाळी मांडवात माणसांची गर्दी, वाजंत्री, हात घामाने भिजलेले. हात हलला तर फोटो हलेल, म्हणून मी आपल्या हुशारीने शटरची चकती १/१२५ सेकंदावर फिरवली. भोक ठेवले एफ-८ वर. आणि सुरू केले.

पहिला रोल संपता संपता मावसभाऊ आला. त्याने चकती पाहिली, कपाळावर हात मारला आणि काही न बोलता ती साठावर आणून ठेवली. तोवर अंतरपाट, मंगलाष्टके आणि कन्यादान होऊन गेले होते.

रोल धुऊन आले तेव्हा सारा उलगडा झाला. पहिल्या रोलमधला प्रत्येक फोटो अर्धा! कन्यादानाच्या फोटोत डाव्या बाजूला ताई आणि जावई नीट आले होते. उजवीकडे जेथे आई-वडील बसले होते तेथे मध्यरात्र. त्या काळोखातून वडिलांचा पुढे आलेला एक हात तेवढा उजेडाच्या बाजूला आला होता. मनगटापर्यंतचा हात, आणि त्यावरून ओघळणारे पाणी.

वडील रागावले नाहीत. फोटो हातात धरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, दान हातानेच करायचं असतं. हात आला ना, मग झालं तर!”

पुढच्याच वर्षी ते गेले. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो सोडला, तर त्यांचा चांगला असा फोटो घरात नव्हता. लग्नातला तो फोटो त्यांचा एकमेव मोठा फोटो व्हायचा होता. मी खोडून टाकलेल्या त्या ‘फोटोग्राफर’ शब्दाचे देणे लागत होतो.

फ्लॅशला अंतर कळते

वडिलांचे दिवस झाल्यावर एके दिवशी त्या निगेटिव्ह घेऊन मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे गेलो. काळ्या भागातून काही निघते का, अशी वेडी आशा होती. छावणीतल्या मेजवान्या आणि गावातली लग्ने यांचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. अर्धा भाग काचेसारखा कोरा होता.

“इथं काईच नाई, बापू,” ते म्हणाले. “उजेड पडलाच नाई, तर निघणार कुठून? शटर कितीवर ठेवलं होतं?”

मी सांगितले.

“काहून?”

“हात हलू नये म्हणून.”

ते हसले. “अरे, फ्लॅशले घड्याळ कळत नाई. त्याले फक्त अंतर कळते.”

हे एकच वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवले आहे. त्याचा अर्थ त्यांनी मला दुकानाच्या बाकावर बसवून समजावून दिला, तो वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

अशा कॅमेऱ्यांत फिल्मच्या पुढे दोन पडदे असतात; लग्नातले दोन अंतरपाटच म्हणा ना! पहिला पडदा सरकला की फिल्म उघडी पडते आणि दुसरा सरकला की झाकली जाते. शटर सावकाश असेल, तर पहिला पडदा पूर्ण सरकून जातो, क्षणभर सारी फिल्म उघडी असते आणि मग दुसरा निघतो. पण वेग वाढवला, की पहिला पडदा पोहोचायच्या आत दुसरा त्याच्या पाठोपाठ निघतो. दोघांमध्ये नुसती फट राहते आणि ती फट फिल्मवरून धावत जाते. फ्लॅशची चमक मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी, कधी त्याहूनही कमी. चमक होते त्या क्षणी जेवढा भाग उघडा, तेवढाच उजळतो. बाकीच्यावर पडदा!

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याची एक वेगमर्यादा असते. त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ती १/६० होती, काहींत १/३०. आजच्या कॅमेऱ्यांत साधारण १/२०० ते १/२५०. ही मर्यादा ओलांडायची नाही. आजच्या काही फ्लॅश-गन बारीक बारीक चमकांची माळ लावून याहून जास्त वेगातही काम करतात. पण मग त्यांचा उजेड दूरवर पोहोचत नाही. फुकट काहीच मिळत नाही!

आणि हात हलण्याची भीती? फोटोत मुख्य उजेड फ्लॅशचाच असेल, तर ती व्यर्थ असते. चमकच इतकी क्षणिक, की तेवढ्यात हात हलून हलून किती हलणार?

भाकरीवरचे तूप

आता दुसरा रोल. मावसभावाच्या कृपेने त्यातले फोटो पूर्ण आले होते. पण जवळची माणसे पिठासारखी आणि लांबची कोळशासारखी. अगदी ताईच्या नातीच्या दिवाळीसारखेच. कारण मी भोक एफ-८ वर ठेवून ते पुन्हा हलवलेच नव्हते.

फोटोवाल्या काकांनी त्याचेही गणित सांगितले. समजा, फ्लॅशपासून एक मीटरवर जेवढा उजेड एका भाकरीवर पडतो, तेवढाच उजेड दोन मीटरवर चार भाकऱ्यांना पुरवावा लागतो आणि तीन मीटरवर नऊ भाकऱ्यांना. तूप तेवढेच, भाकऱ्या वाढल्या. मग प्रत्येकीवर ते पातळच पसरणार. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. इथेच नवशिक्या फसतो.

हा हिशेब दरवेळी करत बसावा लागू नये म्हणून प्रत्येक फ्लॅश-गनला एक आकडा दिलेला असतो. त्याला गाइड नंबर म्हणतात. या आकड्याला अंतराने भागले, की भोकाचा आकडा मिळतो. माझ्याजवळच्या फ्लॅशचा आकडा शंभर ए.एस.ए.ला २८ होता. काकांनी बिडीच्या पुडक्यावरच्या कागदावर पाढा लिहून दिला: दहा मीटरला एफ-२.८, सात मीटरला एफ-४, पाच मीटरला एफ-५.६, साडेतीन मीटरला एफ-८, अडीच मीटरला एफ-११. म्हणजे लग्नात माझ्यापासून साडेतीन मीटरवर जो उभा होता, त्याचाच काय तो फोटो चांगला येणार होता!

“आधी पावलं मोज, मंग भोक लाव,” ते म्हणाले. मी त्या दिवसापासून माझे पाऊल मोजून ठेवले आहे. मांडवात शिरलो, की नवरानवरीच्या पाटापासून मी उभा राहणार त्या जागेपर्यंत मी आधी एकदा चालून येतो. लोकांना वाटते, पाहुणा भटकतो आहे. मी पाढा म्हणत असतो.

फिल्मचा किंवा आजच्या भाषेत आय.एस.ओ.चा आकडा बदलला, की गाइड नंबरही बदलतो. शंभराचे चारशे केले तर तो दुप्पट होतो, म्हणजे २८ चा ५६. दोनशे केले तर सुमारे दीडपट, म्हणजे ४०.

याच गणितातून गटाच्या फोटोची युक्तीही निघते. पहिली रांग दोन मीटरवर आणि शेवटची चार मीटरवर असेल, तर पुढच्यांवर मागच्यांच्या चौपट उजेड पडणार. भांडण मिटायचे नाही. पण तुम्हीच तीन मीटर मागे सरकलात, तर रांगा पाच आणि सात मीटरवर येतात आणि हा फरक दुपटीवर उतरतो. भोक सहा मीटरच्या हिशेबाने ठेवले, की जावईबापूही पांढरे पडत नाहीत आणि मागची मंडळीही अंधारात जात नाहीत. दोन पावले मागे सरकण्याने घरातली पुष्कळ भांडणे मिटतात; फोटोतलीही.

काकांनी आणखी एक ताकीद दिली. फ्लॅशवरचा तांबडा दिवा लागला, की आपण लगेच बटण दाबतो. जुन्या फ्लॅशमध्ये हा दिवा पेटतो तेव्हा भांडे पुरते भरलेले नसते. आणखी चार-पाच सेकंद थांबावे. सेल जुने असतील तर जास्त. अर्ध्या भरलेल्या भांड्यातून पूर्ण धार कशी पडेल?

चिमूटभर भुकटीपासून

काकांपाशी बसले की जुन्या गोष्टी निघत. हे फ्लॅशचे प्रकरण मोठ्या आगीतून आलेले आहे. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची अशी भुकटी तयार केली, की ती पेटवताच लख्ख उजेड पडे, आणि धूरही तेवढाच. ती बातमी वाचून न्यूयॉर्कचा वार्ताहर जेकब रीस गरिबांच्या अंधाऱ्या कोठड्यांतून ती पेटवत हिंडला आणि तिथले दैन्य त्याने प्रथमच शहाण्यासुरत्या लोकांपुढे मांडले. या उद्योगात त्याच्या हातून आगीही लागल्या. पुढे १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेचा फ्लॅश-बल्ब निघाला. भुकटीची आग काचेत कोंडली गेली. आणि १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या चमकेचा दिवा कॅमेऱ्याच्या कामाला लावला. आजची आपली फ्लॅश-गन ही त्याचीच नात.

बल्बच्या काळात एका फोटोला एक बल्ब खर्ची पडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळवलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी दिल्लीत याच बल्बांवर काम केले. अवजड कॅमेरा हाती, एक बल्ब जळला की तो तापलेला काढून दुसरा बसवायचा. आणि समोर देशाचे पुढारी, जे पुन्हा तसे उभे राहणार नाहीत! अशा वेळी अंतराचा अंदाज चुकून चालत नसे. आज आपण एका मिनिटात वीस फोटो काढतो आणि त्यातला एक बरा निघेल, अशी आशा धरतो. बल्बवाल्यांना ती सोय नव्हती, म्हणून त्यांना डोळ्यांनी अंतर मोजता येत असे.

यंत्राचा डोळा

“पण मामाआजोबा, माझ्या फ्लॅशला तर स्वतःचं डोकं आहे!” ताईची नात म्हणाली.

खरे आहे. १९६५ च्या आसपास स्वयंचलित फ्लॅश आले. त्यांच्या तोंडावर एक छोटा डोळा असे. समोरून परत आलेला उजेड पुरेसा झाला, की तो चमक तोडून टाकी. १९७५ साली ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्याने तो डोळा कॅमेऱ्याच्या आत नेला. भिंगातून आलेला उजेडच मोजला जाऊ लागला. आजचे कॅमेरे खऱ्या चमकेआधी एक बारीक चमक सोडतात, ती परत कशी येते ते पाहतात आणि मग किती उजेड टाकायचा ते ठरवतात. हे सारे डोळ्याची पापणी लवायच्या आत.

पण या डोळ्याला समोर कोण आहे, हे सगळेच कळत नाही. त्याची समजूत अशी, की जग सरासरीने राखी रंगाचे आहे. नवरी पांढऱ्याशुभ्र किंवा मोतिया शालूत असली, की तो म्हणतो, ‘बाप रे, केवढा उजेड!’ आणि हात आखडता घेतो. शालू मळका येतो आणि चेहरा काळवंडतो. नवरदेव काळ्या कोटात असला, की तो म्हणतो, ‘इथे काळोखच आहे,’ आणि उजेडाचा पाऊस पाडतो. कोट राखी आणि तोंड पिठाळ. मागे आरसा असला किंवा पितळी समई लखलखत असली, तरी त्याची फसगत होते. म्हणून फ्लॅशवर अधिक-उण्याची एक खूण असते. पांढऱ्याला एक अधिक, काळ्याला एक उणे, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

एक गोष्ट काका नेहमी बजावत. गिऱ्हाइके म्हणत, ‘जरा गोरं करा हो.’ आणि काही फोटोवाले उजेड वाढवून गोरे करूनही देत. काका म्हणत, “सावळ्याले सावळा दाखव, पण चांगला दाखव. जास्त उजेड मारला तर रंग नाई बदलत, नाक-डोळे पुसले जातात.” पिठाळ चेहऱ्यात सुरकुतीही राहत नाही आणि हसूही राहत नाही. बरोबर एक्स्पोजर म्हणजे माणूस ओळखू येणे. यापेक्षा सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

जाता जाता एक धोक्याची सूचना. माळ्यावर सापडलेली आजोबांची फ्लॅश-गन हौसेने नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्या काळच्या काही फ्लॅशच्या तोंडाशी दीडशे-दोनशे व्होल्टचा दाब असे. नव्या कॅमेऱ्याचा नाजूक जीव त्याने जायचा.

छताची उधारी

समोरून मारलेला फ्लॅश बरोबर असला, तरी देखणा नसतो. भिंतीवर काळी सावली पडते आणि कपाळ चकाकते. म्हणून जाणते लोक फ्लॅशचे तोंड छताकडे वळवतात. छतावरून उजेड पसरून, मऊ होऊन खाली येतो. पण छत हा उधारीचा व्यवहार आहे. अंतर मोजायचे ते फ्लॅशपासून छतापर्यंत आणि छतापासून चेहऱ्यापर्यंत, असे दोन्ही मिळून. शिवाय छत स्वतःचे व्याज कापून घेते! माझा पाढा असा: छत दीड मीटर वर आणि तिथून चेहरा दोन मीटरवर, म्हणजे एकूण साडेतीन मीटर, सरळ फ्लॅशला एफ-८ आले असते, पण व्याजापोटी दोन पायऱ्या सोडून एफ-४ लावायचे.

आणि छत पांढरे पाहिजे. आमच्या कामठीच्या घराला काळ्या पडलेल्या लाकडी वाशांवर कवेलू. तिथे उजेड वर गेला की परत यायचे नावच घेत नाही. छावणीतल्या बंगल्यांत छत पांढरे असले, तरी इतके उंच, की उजेड जाऊन येईपर्यंत दमून जातो. हिरव्या डिस्टेंपरच्या भिंतीवरून उजेड आणलात, तर सारी वरात पोटदुखी झाल्यासारखी हिरवी दिसते. अशा ठिकाणी उपाय एकच, घरातली धुतलेली पांढरी चादर.

एक्क्याऐंशी दिवे

२०१३ साली आमच्या आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. कामठीच्या त्याच घरात, त्याच ओसरीवर. लेकी-सुनांनी तबकात एक्क्याऐंशी दिवे लावून तिचे औक्षण करायचे ठरवले. पोरे म्हणाली, बाहेरचा फोटोग्राफर बोलवू. मी नको म्हणालो. मग मीच घाबरलो. चौतीस वर्षांपूर्वीचा वडिलांचा हात रात्रभर डोळ्यांपुढून हलेना.

यावेळी मात्र आदल्या दिवशीच पावले मोजली. दोन भाचे दोन टोकांना उभे करून पांढरी चादर धरायला लावली आणि फ्लॅशचे तोंड तिच्याकडे वळवले. खरी अडचण दिव्यांची होती. फ्लॅशच्या उजेडात दिवे मरतात. नातीच्या फोटोतली समई मेली, तीही याचमुळे. चमक प्रखर आणि शटर वेगवान, तेव्हा बिचाऱ्या ज्योतीला फोटोत यायला वेळच मिळाला नाही.

इथे काकांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग उपयोगी पडतो. फ्लॅशला घड्याळ कळत नाही. पण दिव्याला कळते! म्हणजे एका फोटोत दोन फोटो असतात. एक फ्लॅशचा, त्याची किल्ली भोक, अंतर आणि फ्लॅशचा जोर. दुसरा खोलीतल्या उजेडाचा. भोक तर त्यालाही लागते, पण वेळेची किल्ली त्याची एकट्याची. शटर लांबवले, की दिव्यांचा उजेड वाढतो आणि फ्लॅशचा आहे तेवढाच राहतो. मी आय.एस.ओ. आठशे, भोक एफ-४ आणि शटर १/३० ठेवले. फ्लॅशचा जोर कमी केला. पण आईची सावर रंगाची रेशमी साडी फिकट म्हणून, यंत्राच्या डोळ्याने ठरवलेल्या त्या कमी जोरावर थोडी भर घातली. फ्लॅशच्या तोंडावर पिवळसर जिलेटिनचा कागद लावला, नाहीतर दिव्यांचा उजेड सोन्यासारखा आणि चेहऱ्यावरचा निळसर, अशी विसंगती दिसली असती. आईला सांगितले, “चमक झाल्यावरही क्षणभर हलू नकोस.”

“मी कुठे जाते?” आई म्हणाली.

फोटो आला. एक्क्याऐंशी ज्योती जिवंत, त्यांची पिवळी झळाळी आईच्या गालांवर आणि सुरकुतीन् सुरकुती जागेवर. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो नेहमीच झकास दिसतो, म्हणून त्याच्यावर भिस्त न ठेवता मी आलेख उघडून पाहिला. उजवीकडे काही कापले गेलेले नव्हते. मग कागदावर मोठा करून आईला नेऊन दाखवला.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “त्यांचा तो हाताचा फोटो आहे ना, त्याच्या शेजारी लाव.”

लावला. आई २०१९ साली गेली. दोन्ही फोटो आजही शेजारी शेजारी आहेत. एक चुकलेला आणि एक बरोबर. चुकलेलाही काढून टाकावा, असे घरात कुणालाच वाटले नाही.

ताईच्या नातीने हे सारे ऐकून घेतले. मग फ्लॅश-गन हातात घेऊन ती ओसरीवर गेली आणि काही वेळाने परत आली.

“मामाआजोबा, समईपासून दारापर्यंत माझी पाच पावलं होतात.”

“मीटर किती?”

“ते मोजायचं राहिलं.”

“मग आधी पाऊल मोज,” मी म्हणालो.

वाचकहो, या दिवाळीत आपल्याही घरी कुणीतरी ‘हं, इकडे बघा’ म्हणणारच आहे. त्याला एवढेच सांगा: माणसांपासून किती पावलांवर आहेस ते आधी बघ, शटर मर्यादेत ठेव, पणत्या हव्या असतील तर शटर सावकाश कर, आणि आकाशातले बाण टिपायचे असतील तर फ्लॅश सरळ बंद कर, कारण तेवढ्या लांब कुणाचीच भाकरी पोहोचत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक फोटो, जवळ बसवून, सावकाश, पावले मोजून काढून ठेव. उरलेल्या शंभर फोटोंची चूक पुढच्या दिवाळीत दुरुस्त करता येईल. या एका फोटोला मात्र दरवेळी पुढची दिवाळी असतेच असे नाही.